तेराव्याची भाजी

वहिनी, तुमच्या तेराव्याला भोपळ्याची भाजी फार चांगली झाली होती. पंगतीत बसलेल्या प्रत्येकाने तसं सांगितलं. कुणी म्हणालं गोडी काय आहे, कुणी म्हणालं हल्ली असा भोपळा मिळत नाही, आणि मी मांडवाच्या तोंडाशी हात जोडून उभा राहून ते सगळं कौतुक घेत होतो. ते आठवलं की अजून कान गरम होतात. म्हणून आधी तेच सांगून टाकतो. ती भाजी माळ्यावरच्या तुमच्या भोपळ्यांची होती. चिरले मीच.

गेलेल्या माणसाबद्दल लिहायचं तर त्याचे गुण लिहितात. तुमचे गुण लिहायला तुमच्या भाजीपाला संशोधन केंद्रातली माणसं आहेत. शोकसभेत त्यांनी कागदावर उतरवून आणलेलं वाचलं. गावोगावचे भोपळे गोळा करून, त्यांचा आकार, साल, गर, गोडी, रोगाला तोंड देण्याची ताकद हे सगळं तपासून तुम्ही त्यातून नवीन वाण कसे उभे करत होतात, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं, तेही मागच्या खुर्चीत बसून. मी आपला तुमचा धाकटा दीर. रेती, विटा, सिमेंट पुरवणारा माणूस. गव्हाणच्या आजूबाजूला जे टॉवर उभे राहिले त्यातल्या बऱ्याच भिंतींत माझा माल आहे. मला बोलायला आवडतं आणि चारचौघांत तर फारच आवडतं. तुम्ही त्याला ‘भाऊजींचा लाउडस्पीकर’ म्हणायचात. या वेळी त्या लाउडस्पीकरनेच घात केला.

सुरुवात दहाव्यापासून झाली. कावळा शिवेना. खाडीच्या काठी पिंड ठेवलेले, भटजी घड्याळ बघतायत, दादा गुडघ्यात मान घालून बसलेला. कावळे नव्हते असं नाही. समोरच्या तिवरांवर बसले होते, पण खाली येत नव्हते. मग रीतीप्रमाणे एकेकाने शब्द द्यायला सुरुवात केली. दादा म्हणाला, मी गोळ्या वेळेवर घेईन. तुमची जाऊ, आमची सुनंदा म्हणाली, दादांच्या जेवणाखाण्याचं मी बघीन. कावळे हलले नाहीत. तेव्हा मी पुढे झालो आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, “वैनी, तुमचे भोपळे मी सांबाळीन. त्यांची चिंता करू नका.”

आणि एक कावळा उतरला. बायका रडायला लागल्या. चुलते पाठीवर थोपटून गेले. मीही रडलो, ते खोटं नव्हतं. पण रडता रडता माझ्या मनात हेही आलं की आपण नेमकं बोललो. दहाव्यापासून तेराव्यापर्यंत वेळ तो किती असतो, वहिनी? तेवढा वेळही माझा शब्द टिकला नाही.

पहिली सुरी माझी, हे आपलं जुनं ठरलेलं. आमच्याकडे अख्ख्या भोपळ्याला बाईने पहिली सुरी लावायची नाही. घरातल्या पुरुषाने एक चीर द्यायची, मग पुढचं बायका बघतात. का, ते कुणी नीट सांगत नाही. कुणी म्हणतं भोपळा म्हणजे घरातला थोरला मुलगा, कुणी काय. तुम्ही लग्न होऊन आलात त्या आठवड्यात आयेने, म्हणजे आमच्या आईने, मिठागराच्या बांधावरचा भोपळा आणून तुमच्यापुढे ठेवला. दादा बंदरात ड्यूटीवर. मी ओटीवर लोळत होतो. तुम्ही हाक मारलीत, जरा सुरी लावता का म्हणून. मी लगेच तोंड सोडलं, की कराडच्या शेतकी कॉलेजात भोपळा चिरायला शिकवत नाहीत वाटतं. तुम्ही हसलात आणि सुरी माझ्या हातात दिलीत. केंद्रात तुम्ही हंगामात भोपळ्यांचे ढीगच्या ढीग स्वतःच्या हाताने चिरत होतात, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. तेव्हा मी विचारलं, मग घरीच हे नाटक कशाला? तुम्ही म्हणालात, “तिकडे मी चिरते. इथे तुम्ही चिरा. त्या निमित्ताने तरी मागच्या दारी येता.”

येत होतो खरा. पण त्या मागच्या दारावर माझा डोळा होता हेही तुम्हाला माहीत होतं. एवढी मोकळी जागा, तिथे तुमचे वेल पसरलेले, आणि आमच्या गाड्या रस्त्यावर. काँक्रीट टाकून पार्किंग करू, वर पत्रा घालू, असं मी दर दिवाळीला काढायचो. तुम्ही नाही म्हणत नव्हतात. तुम्ही म्हणायचात, “हा हंगाम होऊ द्या.” हंगाम काही संपत नव्हते.

त्या वेलांत तुम्ही मला कामालाही लावलंत. संध्याकाळी दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या कळ्या हेरायच्या, टोक पिवळं पडायला लागलेल्या. नर कळीला दोरा, मादी कळीला दोरा, म्हणजे सकाळी तुमच्या आधी मधमाशी पोचायला नको. सकाळी नर फूल खुडायचं, पाकळ्या मागे सारायच्या, त्याच वेलावरच्या मादी फुलाला पराग लावायचा आणि पुन्हा दोरा बांधून टाकायचा. असं केलं की ज्याचं बी त्याचंच राहतं, शेजारच्याची भेसळ होत नाही. मी म्हटलं होतं, “वैनी, एकाच वेलावरची सोयरीक? आमच्यात भावकीत लग्न लावत नाय.” तुम्ही दोरा दातात धरून म्हणालात, “म्हणून तर कराडची आणावी लागली.” मग समजावलंत, की आधी प्रत्येक भोपळ्याचा स्वभाव पक्का करून घ्यायचा आणि मग लांबची सोयरीक बघायची. मुलगी बघायला जाण्याआधी आपल्या घरात काय आहे ते माहीत असावं, तसं.

आपला एक वाद मात्र कधी मिटला नाही. माझं म्हणणं साधं होतं. वीट विटेसारखी असली तर भिंत उभी राहते. गिऱ्हाईकाला एका मापाचा, एका रंगाचा, फ्रिजमध्ये मावेल असा भोपळा पाहिजे. मग हे चपटे, लांबट, खरबरीत, एकमेकांशी काडीचं साम्य नसलेले भोपळे सांभाळत बसायचं कशाला? तुमचं म्हणणं होतं की भोपळा विटेसारखा झाला तर पानांवर भुरी पडेल त्या वर्षी सगळी भिंत एकदम जाईल. तुम्हालाही बाजारात खपेल असा चांगला वाण करायचाच होता. पण त्यासाठी भुरी न पडणारा आईबाप एका गावातून, गोड गराचा दुसऱ्या गावातून, टिकाऊ सालीचा तिसऱ्या घराच्या परसातून आणावा लागतो, आणि ती परसंच उरली नाहीत तर आणणार कुठून, हा तुमचा प्रश्न होता. शेवटच्या वेळी मी अडवलं होतं, “मंग कंपनीचं बी येवडं का खपतं, ते सांगा.” तुम्ही म्हणालात, ताप उतरला की सांगते. ताप उतरला नाही.

तुम्ही बी मागायला गावोगाव फिरायचात. गव्हाणपासून उरणपर्यंत कुठल्या घरात कसला भोपळा आहे ते तुम्हाला तोंडपाठ होतं. मी मित्रांत सांगायचो, आमच्या घरची सून डॉक्टरेट करून दारोदार बी मागत फिरते. तुमच्यासमोरही बोललो आहे. दोनदा-तीनदा मी तुम्हाला गाडीतून नेलं, पण एसी लावून बाहेर फोनवर बोलत बसलो. तुम्ही घरातून एक-एक तास येत नव्हतात. मला वाटायचं, मूठभर बियांना एवढा वेळ काय लागतो.

आता आयेच्या भोपळ्याचं. तो बसका, खोल कप्प्यांचा, सालीवर राख फासल्यासारखा. मिठागराच्या बांधावर, जिथे बाकीच्या वेलांची पानं करपून जायची, तिथे तो धरायचा. आये त्याला काही विशेष मानत नव्हती. आमचाच भोपळा म्हणायची. तुम्हीच पहिल्यांदा म्हणालात की याच्यात काहीतरी आहे. मिठागर गेलं, तिथून आता रस्ता जातो. आये गेली. भोपळा राहिला, तो तुमच्या मागच्या दारी. तुम्ही त्याला मुद्दाम खाडीचं पाणी घालायचात, गोड्या पाण्यात मिसळून, आणि जी रोपं तग धरतील त्यांचंच बी पुढे न्यायचात. समुद्र आत सरकतोय, खारं पाणी विहिरीत शिरतंय, उद्या हेच कामाला येईल, असं तुमचं गणित. मी म्हणालो होतो, भोपळ्याचं लोणचं घालताय काय?

तर तेरावं. माणसं अंदाजापेक्षा कितीतरी जास्त आली. केंद्रातली येणार हे धरलं होतं. पण ज्यांच्या ओटीवर तुम्ही तासतास बसायचात त्या बायकाही आल्या, कुणी रिक्षा करून, कुणी सुनेला घेऊन. आचारी म्हणाला, भाजी कमी पडेल, भोपळे मागवा. एक फोन केला असता तर पनवेलच्या मार्केटातून टेम्पो भरून आले असते. माझाच टेम्पो दारात उभा होता. पण तेवढ्यात मला सुचलं. सुचलं म्हणजे काय, सुरसुरी आली. मी मांडवात सगळ्यांसमोर म्हणालो, “भोपळे घरात हायत. वैनीच्या हातचे हायत. आज तेच वाढू.”

लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तेच पाहिजे होतं.

माळ्यावरून भोपळे खाली आले. पेंढ्यावर ठेवून तुम्ही ते बियांसाठी पिकवत होतात, हे मला माहीत होतं का? होतं. दर वर्षी तुम्हीच बोलावायचात, मी चिरायचो, तुम्ही बिया काढायचात आणि गर आळीत वाटला जायचा. मी मनाला सांगितलं, गर तर नाहीतरी लोक खातातच. बियांचं काय करायचं ते मनाने मला विचारलं नाही, आणि मीही त्याला विचारलं नाही. बायका म्हणाल्या, पहिली सुरी पुरुषाची. मी बाह्या सरसावल्या.

देठांना तुमच्या चिंध्या होत्या. ज्या भोपळ्याला जी जुनी साडी, तिची चिंधी, ही तुमची ओळखायची पद्धत. मी सुरीने सपासप तोडल्या. एक चिंधी हिरव्या लुगड्याची निघाली. आयेचं लुगडं मी ओळखणार नाही का, वहिनी? त्याच्या काष्ट्याला धरून मी चालायला शिकलो. हात थांबला. आत कुणीतरी म्हणालं, हा ठेव. पण भोवती माणसं उभी होती, एक जण मोबाइलवर शूटिंग करत होता, आणि भोपळा हातात धरून थांबलेला माणूस कसा दिसतो याचीच मला काळजी. मी ती चिंधी सोडवली, खिशात टाकली आणि सुरी लावली. कचरा समजलो असतो तर खिशात टाकली नसती. एवढंच मला तुम्हाला सांगायचं होतं, बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं आहे.

तो सहज चिरला नाही. सुरी अर्ध्यात अडकली. सुरीच्या पाठीवर वरवंटा ठोकावा लागला. लोक हसले, म्हणाले, भोपळा पण हट्टी हाय. मीही हसलो.

दादाने त्या दिवसापर्यंत धड अन्न खाल्लं नव्हतं. पंगतीत त्याच्या पानावर मी स्वतः वाढलं. त्याने एक घास घेतला, थांबला, खाली बघून म्हणाला, “आयेच्या हातची चव हाय.” मग भाजी परत मागून घेतली. मी ते सगळ्या मांडवाला ऐकवलं. बघा, दादा जेवला.

स्नेहल शेवटच्या पंगतीला बसली. तुमच्या हाताखाली काम करणारी कामोठ्याची मुलगी, तुम्ही जिला ‘माझी सावली’ म्हणायचात ती. तिच्या पानावरच्या भाजीत फोडी वेगवेगळ्या रंगांच्या होत्या, काही फिकट पिवळ्या, काही केशरी, काही तर जवळजवळ लाल. तिने त्या बोटाने बाजूला केल्या आणि मला जवळ बोलावलं.

“काका, हे भोपळे कुठले?”

“वैनीचेच. माळ्यावरचे.” मी अजून कौतुकाच्या तयारीत होतो.

तिने हात पानावरून मागे घेतला. “आणि बिया?”

बिया आमच्याकडे कुणी टाकत नाही. धुतात, वाळवतात, मीठ लावून भाजतात. चिरायला बसलेल्या बायकांनी सगळ्या बिया एका घमेल्यात धुतल्या आणि घरी जाताना जिने तिने ओंजळ ओंजळ पदरात नेल्या. मीच म्हणालो होतो, न्या, वैनीची आठवण म्हणून. हे सांगताना माझा आवाज पहिल्यांदा खाली आला. स्नेहल ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. तिने मला बाजूला, तुमच्या तुळशीपाशी नेऊन समजावलं. बाकीच्या भोपळ्यांचं बी केंद्राच्या थंड खोलीत जपलेलं आहे, ते परत लावता येईल. आयेच्या भोपळ्याचं नाही. जुनं बी मॅडमनी मागच्या हंगामात सगळं लावलं, त्यातून निवडून जे धरलं ते माळ्यावर होतं. आणखी एक हंगाम बघते, मग नावासकट केंद्राला देते, असं मॅडम म्हणायच्या. मी विचारलं, नाव काय ठेवणार होत्या? ती म्हणाली, तुमच्या आईंचं.

मी तिथेच पायरीवर बसलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मांडवात माणसं अजून जेवत होती.

मग तिने एक गोष्ट सांगितली, तिच्यावर मी आज उभा आहे. “काका, बी मिसळलंय, बिघडलं नाहीये. मॅडमनी आणि तुम्ही फुलं बांधली होती ना? मग प्रत्येक दाण्यात ज्याचं त्याचंच आहे. फक्त कुठलं कुणाचं ते कळत नाही. जेवढं मिळेल तेवढं परत आणा.”

परत आणा म्हणजे दारोदार जा. म्हणजे मी.

गेलो, वहिनी. गाडी नाक्यावर ठेवून पायी गेलो, कारण गाडीतून उतरून बिया मागायची लाज वाटली. ज्या दारांत मी मालाच्या बिलापलीकडे कधी बोललो नव्हतो तिथे उभा राहून म्हणालो, त्या दिवशीच्या बिया असतील तर परत देता का? काहींना गंमत वाटली. काहींनी भाजून खाऊनही टाकल्या होत्या. एका घरात तर मला चहाबरोबर वाटीभर भाजलेल्या बियाच पुढे केल्या, तुमच्याच घरच्या आहेत म्हणून. नको म्हटलं असतं तर त्या माउलीला वाईट वाटलं असतं. मी खाल्ल्या. मीठ छान लागलं होतं. गिळताना माझं काय झालं ते मी सुनंदालाही सांगितलेलं नाही.

जनाबायकडे शेवटी गेलो. ती आयेची मैत्रीण, आता नजर अधू झालेली. मी दारातून काम सांगितलं. ती म्हणाली, “तुजी वैनी पन अशीच यायची. पन ती बसायची. तू उबाच हायस.”

मी बसलो. तिने घाई केली नाही. तुम्ही तिच्याकडे काय काय बोलायचात ते सांगितलं. मिठागराचं, आयेचं, तिच्या गुडघ्यांचं, आणि माझंही. तुम्ही म्हणायचात म्हणे, आमचे भाऊजी बोलतात फार, पण कळी बांधताना दोरा कधी आवळत नाहीत, बोट हलकं आहे त्यांचं. हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. मग तिने राखेत घोळवलेल्या बियांचं मडकं काढलं. तिने भाजल्या नव्हत्या. मी विचारलं, तर म्हणाली, “तिच्या घरचं बी हाय. ते का भाजून खायाचं?”

तिथे मात्र मी रडलो. दहाव्याला रडलो होतो तसा नाही. ऐकायला कुणी नव्हतं, आणि जनाबायला दिसत नव्हतं.

जे मिळालं ते सगळं मागच्या दारी लावलं. तुमच्या वाफ्यांत पुरेना म्हणून जिथे पार्किंग करायचं म्हणत होतो तिथे कोपऱ्यात मी आधीच आणून ठेवलेली खडी उचलून टाकली. कामगार म्हणाले, शेठ, खडी टाकायला पैसे घेता आणि आता उचलायला लावता. स्नेहल रविवारी येते. बी बघून मला काही ओळखता येईना. इतकी वर्षं भोपळे चिरले, पण चिरून झालं की मी हात धुऊन निघून जायचो. बियांकडे तुम्ही बघायचात. स्नेहललाही दाण्यावरून खात्री देता येईना. रोपं आली ती सगळी सारखीच, दोन जाड पानं आणि मधे एक कोंब.

ओळखायचा एक मार्ग तिने सांगितला, तो तुमचाच. रोपाला तिसरं पान फुटलं की खाडीचं पाणी घाला. जी माना टाकतील ती इतरांची, जी तग धरतील त्यांत तुमच्या आईचा भोपळा शोधायचा. बाकीच्यांचं बी केंद्रात आहेच, त्यामुळे ती गेली तरी चालतील.

खाडीवरून कॅन भरून आणला. तिसरं पान फुटलं. चौथंही आलं. कॅन तसाच भिंतीला टेकून उभा. स्नेहलचा फोन आला की मी म्हणायचो, आज उद्या घालतो. तुम्हाला खरं कारण सांगतो. पाणी घातलं आणि सगळीच रोपं मेली, तर कळेल की आयेचा भोपळा आम्ही शेवटच्या दाण्यापर्यंत खाऊन संपवला. पाणी घातलंच नाही, तर कळणार नाही. मी न कळण्याच्या बाजूला उभा होतो. इतका भित्रा माणूस आहे मी, हे मलाही माहीत नव्हतं. शिवाय दादाला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. त्याला वाटत होतं, वहिनीच्या आठवणीसाठी मी वेल लावतोय, आणि तो माझ्याकडे मायेने बघायचा. ते सोसत नव्हतं.

आज सकाळी तो मागच्या दारी आला. हल्ली येतो, तुमच्या स्टुलावर बसतो. कॅनकडे बघून म्हणाला, हे कशाला? मी खिशातून चिंधी काढली. सुनंदाच्या हातून सदऱ्याबरोबर धुतली गेलेली, इस्त्रीसुद्धा झालेली. त्याच्या हातावर ठेवली आणि सांगायला सुरुवात केली, पंगतीपासून. त्याने मधेच थांबवलं.

“पैल्या घासालाच कळलं मला.”

“मंग बोललास का नाय?”

“तू येवड्या हौसेनं वाढत होतास.” चिंधी बोटांनी सरळ करत म्हणाला, “आनि तिनं वाढवलेला भोपळा पानात कसा टाकू? म्हनून परत घेतला.”

वहिनी, मी मांडवाला ऐकवलं होतं की बघा, दादा जेवला.

तो उठला. कॅनचं झाकण काढून बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. आम्ही दोघंही मिठागरावर वाढलेले, पण मी ते विसरलोय, तो नाही. म्हणाला, लय खारं हाय, आये येवडं नाय लागू द्यायची. नळाचं पाणी मिसळलं, परत चाखलं, परत मिसळलं. मग तांब्या भरून माझ्या हातात दिला. पहिल्या रोपाला मी घातलं. पुढच्याला त्याने. असे आम्ही शेवटच्या वाफ्यापर्यंत गेलो, आणि त्या सगळ्या वेळात मी एक शब्द बोललो नाही. तुम्ही विश्वास ठेवणार नाही, पण दादाला विचारा.

आता संध्याकाळ झाली आहे. बऱ्याच रोपांनी माना टाकल्या आहेत. काही उभी आहेत. ती आयेची म्हणून उभी आहेत की त्यांना पाणी कमी पोचलं म्हणून, ते आज सांगता येणार नाही. स्नेहल म्हणते, दोन-तीन पाणी होऊ द्या, घाई करू नका. उभी राहिली तर पुढे फुलं येतील, मी दोरे बांधीन, हलक्या हाताने. भोपळे धरले तर पहिली सुरी मात्र मी लावणार नाही. सुनंदाला तसं सांगितलं. ती म्हणाली, बाईमाणसाने कशी लावायची? मी म्हटलं, वैनी तिकडे लावायच्याच की. ती म्हणाली, बघू.

चिंधी कुठल्या रोपाला बांधू, असं मी दादाला विचारलं होतं. त्याने ती घेतली आणि मागच्या दाराच्या खिळ्याला अडकवून ठेवली. म्हणाला, कळंल तवा बांध. येताजाता ती दिसते. मी मान वर करून तिच्याकडे बघत नाही, तिच्याखालून वाकून पाणी घालायला जातो.